शुक्रवारची लग्नं

बाबा, तुम्ही एक नंबरचे थापाडे होतात. हे मला तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी कळलं, तेही पोलीस ठाण्यात, एका हवालदाराच्या तोंडून. तुम्ही समोर असतात तर मी आधी कडाकडा भांडलो असतो आणि मग बहुतेक तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं. आता दोन्ही होणार नाही, म्हणून लिहितोय.

परवा बहारीनला, सलमाबादच्या खोलीवर परत आलो. आज शुक्रवार, सुट्टी. माझ्या खोलीतला सदाशिव, साताऱ्याचा, ट्रेलर चालवतो तो, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलाय. घड्याळात साडेदहा वाजलेत, म्हणजे आपल्याकडे एक. तुम्ही जेवून पडवीत आला असतात, सुपारी कातरत फोन समोर ठेवून बसला असतात आणि वाजला की मुद्दाम चार वेळा वाजू दिला असतात. वाट बघत होतो असं दिसायला नको! मला सगळं ठाऊक होतं हो. आई सांगायची.

आणि मग मी विचारायचो, "मगे? लगीन कसां झालां?"

हे लग्न प्रकरण कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. शेजारच्या गावात एकाने भेकर मारलं आणि फोनवर पाहुण्यांना सांगत सुटला, तर दुसऱ्या दिवशी वनखात्याची जीप त्याच्या दारात. त्याने फोनवर सांगितलं म्हणून जीप आली की शेजाऱ्याने खाल्ल्या मिठाला न जागता कळवलं म्हणून आली, ते देवाला ठाऊक. पण तुम्ही ठरवूनच टाकलंत की, "फोनार सगळां आयकतत." मी म्हटलं, "बाबा, तुमचां आमचां बोलणां आयकूक कोण बसलोहा?" पण ऐकतील ते बाबा कसले. पुढच्या शुक्रवारी तुम्ही अख्खी भाषा तयार करून बसला होतात. पारध म्हणजे लग्न. भेकर म्हणजे नवरी, आणि सांबर असेल तर मोठ्या घरची नवरी. रान उठवणारे ते वऱ्हाडी. कुत्रे म्हणजे वाजंत्री. बार झाला की अक्षता पडल्या, नेम चुकला की मुहूर्त टळला, मांसाचे वाटे घातले की पंगत. आणि वनखात्याचा गार्ड म्हणजे नवरीचा मामा. हे शेवटचं सांगताना तुम्ही स्वतःच एवढे हसलात की फोन हातातून पडला.

इकडे माझी काय अवस्था व्हायची याची तुम्हाला कल्पना नाही. आम्ही एसीचे पत्र्याचे डक्ट बनवतो त्या वर्कशॉपमध्ये कधी शुक्रवारी ओव्हरटाइम असला की मी मशीनच्या आवाजात ओरडून बोलायचो, "नवरी पळाली? परत? आणि वाजंत्री काय करी होते?" आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायचे. सदाशिवने एकदा अगदी गंभीर होऊन विचारलं, "तुमच्या कोकणात पोरी मांडवातनंच पळत्यात व्हय रं?" आणि आमचा मल्याळी सुपरवायझर, भला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाई, तुम्हारा घर में इतना शादी होता है, तुम एक में भी नहीं जाता? जाओ, दस दिन का लीव लेके जाओ." घेतली मी ती रजा! आलो गावाला आणि तुम्हाला सांगितलं की लग्नासाठी आलोय, तर तुम्ही पोट धरून हसलात आणि त्याच शनिवारी खरोखरचं लग्न काढलंत, रानातलं.

ते शेवटचं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी आपण ओहोळाच्या वरच्या अंगाला बसलो होतो. वारा तोंडावर, सकाळपासून तंबाखू बंद, खोकला आला तर टॉवेल तोंडात. तुम्ही मला बंदूक कधी दिलीच नाहीत. सोळाव्या वर्षापासून तुमच्या शेजारी बसलो, पण बार एकदाही केला नाही. "तू बघ," म्हणायचात. लांबून हाकारे ओरडायला लागले की तुम्ही डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवायचात. हात ठेवला म्हणजे हलायचं नाही. दाबला म्हणजे आलं. किती वेळ तो हात तिथे असायचा. एरवी तुम्ही मला कधी जवळ घेतलंय असं मला आठवत नाही, आपल्याकडे बापलेकांत ती रीतच नव्हती. बहारीनला पहिल्यांदा निघालो तेव्हाही एसटीच्या खिडकीपाशी उभं राहून तुम्ही फक्त "पोचलास की कळव" एवढंच म्हणालात. त्यामुळे खरं सांगतो, मला भेकराचं जेवढं वेड होतं ना, तेवढंच त्या बसण्याचं होतं. जास्तच असेल. पण हे तुम्हाला कोण सांगणार!

आणि तरी तुम्हाला बंदूक सोडा म्हणणारा मीच.

ते भांडण तुम्हाला आठवत असेल. त्या रजेवरून मी परत आलो आणि पंधरा दिवसांत आमच्या इथे एकाचा बाप गावाकडे कसल्याशा भानगडीत आत गेला. हा पोरगा इथे रडकुंडीला आलेला. कंपनी रजा देईना, वकील पैसे मागतोय, आई फोनवर आक्रोश करतेय. मला तुमचाच चेहरा दिसायला लागला. भेकर मारणं म्हणजे गुन्हा, जामीन मिळणंही कठीण, हे तुम्हालाही ठाऊक होतं. परवाना तुम्हाला मिळाला होता पीक राखायला. मी फोन केला आणि सरळ, कसली लग्नं नाही नि बिग्नं नाही, सरळ म्हणालो, "बाबा, बंद करा हे. केस झाली तर माका येऊक गावाचा नाय. तुमका सोडवूक कोण जातलो? आई?" तुम्ही चिडलात. म्हणालात, "तुझ्यापेक्षा बारको होतंय तेव्हापासून करतंय. माका शिकवू नको." मी फोन आपटला. तुम्हीही आपटला असणार.

नंतरचे दोन शुक्रवार आपण फक्त हवापाण्याचं बोललो. तिसऱ्या शुक्रवारी, ऑगस्ट होता, इथे काय असतो ऑगस्ट ते तुम्हाला सांगून कळलं नसतं. आदल्या दिवशी जनाबियाला एका बंगल्याच्या गच्चीवर काम करताना मला भोवळ आली होती. खोलीवर पडून होतो. तुम्ही विचारलंत, "आवाज कित्याक असो?" मी म्हटलं काही नाही. आणि मग मीच, मूर्खासारखा, हळूच म्हणालो, "मगे... गावात लगीन बिगीन काय?"

तुमच्या अडकित्त्याचा आवाज थांबला. मग म्हणालात, "होता तर. बुधवारी."

आणि सुरू झालात. काय रंगवलंत ते लग्न! नवरी कशी करवंदीच्या जाळीत लपली, वाजंत्री कसे भलतीकडेच गेले, नेहमी तुमच्यासोबत येणाऱ्या गुणाकाकांचा पाय कसा चिखलात रुतला आणि चप्पल तिथेच राहिली. मी अंथरुणात पडून हसत होतो. फोन ठेवल्यावर मात्र उठून बसलो. म्हटलं, अरे देवा, यांनी बंद केलेलं नाही. मी एवढं बोललो तरी हे जातातच.

तेव्हापासून सात वर्षं, बाबा. सात वर्षं मी दर शुक्रवारी तुम्हाला विचारत राहिलो आणि दर शुक्रवारी फोन ठेवल्यावर घाबरत राहिलो. गावचा नंबर अवेळी दिसला की वाटायचं, झालं. आली जीप. नेलं त्यांना. आणि त्यात माझा स्वतःवरच राग, कारण एका तोंडाने बंद करा म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने 'पुढे काय झालं' विचारायचं, याला काय म्हणतात? तुम्ही सोडणार कसे? मीच तर तुम्हाला चढवत होतो. तुम्ही पकडले गेला असतात तर त्याचं पाप माझ्या माथी होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा तुम्ही घसरलात. म्हणालात, "सोमवारी सक्काळी सक्काळी निघालो." मी म्हटलं, "सोमवारी? बाबा, सोमवारी आपल्याकडे बंदुकीक कोण हात लावता?" तुम्ही घाईने म्हणालात, "मंगळवारी रे. म्हाताऱ्याच्या वारांचो घोळ." मला वाटलं, वय झालं बाबांचं. एवढंच वाटलं. किती बावळट मी! शंकराचा वार मोडून पारधीला जाणारा माणूस तुम्ही नव्हे, हे मला कळायला हवं होतं.

मग या हिवाळ्यातली ती गोष्ट. इथलं सरकारी प्राण्यांचं उद्यान आहे, बस आत फिरवते, तिथे मी आणि सदाशिव गेलो होतो. वाळूच्या रंगाची हरणं, आपल्या शेळीएवढी, बसच्या अगदी दारापाशी आली. मी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही फोन डोळ्यांपाशी नेऊन बघितलंत. आधी नेहमीसारखंच, "इतकी बारकी? ह्यांका खाऊक काय गावता, रेती?" आणि मग विचारलंत, "ती पळत कित्याक नाय?"

मी म्हटलं, "हयसर त्यांका कोण मारीत नाय, बाबा. माणसाची सवय आसा."

तुम्ही फोन आणखी जवळ नेलात, पडदा काळा झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणालात, "माका बघून पळूक नाय असां एकय जनावर मी बघूक नाय." फोन आईकडे दिलात.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो शुक्रवार आला, ज्याच्यासाठी मी एवढं सगळं लिहितोय. नेहमीप्रमाणे मी विचारलं, तुम्ही सांगायला लागलात. पण त्या दिवशी तुम्ही हळू सांगत होतात. गुणाकाका नाहीत, गंमत नाही, वाजंत्री तर जवळपास नाहीतच. "एकटोच बसलंय," म्हणालात. "नवरी इली. धा हातार. माझ्याकडे बघीत रवली. किती वेळ बघीत रवली. मी सोडलंय."

मी ओरडलो. हो, ओरडलोच. "सोडलात? धा हातार इली नि सोडलात?"

"सोडलंय."

"कित्याक पण?"

"जीव झालो नाय."

आणि बाबा, मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "मगे जाताय कित्याक? बंदूक द्या ती गुणाकाकांका नि पडवीत बसा सुपारी कातरत. म्हातारे झालात तुम्ही." ज्याने सात वर्षं देवाला हात जोडले की बापाने बंदूक ठेवावी, त्यानेच बापाने बंदूक चालवली नाही म्हणून त्याला म्हातारा म्हटलं! आठवड्याचा शीण होता, सुपरवायझरशी वाजलं होतं, सगळी कारणं खरी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही.

तुम्ही म्हणालात, "बरां."

एवढंच. फोन आईकडे गेला. पुढच्या शुक्रवारी मी फोन केला नाही. रुसलो होतो म्हणायचं, की लाज वाटत होती म्हणायचं. सदाशिव म्हणालाही, "अरे, लाव की. म्हातारा वाट बघत आसंल." मी म्हटलं, पुढच्या वेळी. मंगळवारी सकाळी मी डक्टचा पत्रा कापत होतो आणि आईचा फोन आला. तुम्ही अंघोळीला पाणी काढायला उठलात आणि चुलीपुढेच बसलात ते बसलातच. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. मी विमानात होतो तेव्हा चुलतभावाने अग्नी दिला. तुमचं तोंड मला दिसलं नाही, तेवढं राहूनच गेलं. पण विमानात मी रडत होतो ते वेगळ्याच कारणासाठी, हे आज तुम्हालाच सांगतो. शेजारच्या माणसाला वाटलं बाप गेला म्हणून रडतोय. मी रडत होतो कारण बापाशी माझं शेवटचं बोलणं हे होतं. एका भेकरावरून. म्हातारे झालात तुम्ही.

दहा दिवस ते मी मनात घेऊन फिरलो. आईला सांगू शकलो नाही. पिंडाला कावळा शिवला, तोही लगेच शिवला, सगळे म्हणाले, "काय इच्छा रवली नाय माणसाची." आणि मी मनात म्हणालो, इच्छा कसली, राग राहिला असेल माझ्यावर.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "बंदुकीचां काय ता बघ हां. परवानो त्यांच्या नावार. ठाण्यात कळवूक व्हया." मी बंदूक शोधायला गेलो. भाताच्या कणगीमागे नाही. माळ्यावर नाही. तुमच्या खाटेखाली नाही. काडतुसांचा डबा होता, पण त्यात आईने मोहरी भरून ठेवलेली! म्हटलं, झालं. रानातच कुठे ठेवून आले, कुणाच्या हाती लागली, आता ही भानगड आईच्या गळ्यात. आईला विचारलं तर ती म्हणाली, "माका काय म्हायत, तुमची ती लग्नां." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं रडतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुणाकाकांना स्कूटरवर मागे बसवलं आणि ठाण्यात गेलो. गुणाकाका, तुमचे पन्नास वर्षांचे जोडीदार, वाटेत हवापाण्याचंच बोलत राहिले. हवालदाराला मी मृत्यूचा दाखला दिला आणि चाचरत म्हणालो, "साहेब, वडिलांची बंदूक... म्हणजे घरात सापडत नाहीये."

त्याने रजिस्टर काढलं, पानं उलटली. म्हणाला, "घरात कशी सापडेल? इथे जमा आहे. निवडणुकीला जमा केली, नंतर न्यायला आलेच नाहीत. आम्ही दोनदा निरोप पाठवला. परवान्याचं नूतनीकरणही पुढे केलं नाही त्यांनी."

"कुठली निवडणूक, साहेब?"

त्याने सांगितलं. मी बोटांवर मोजलं. सात वर्षं.

बाबा, मी तिथे बाकावर बसलो. हवालदाराला वाटलं मला चक्कर आली, त्याने पाणी मागवलं. गुणाकाका भिंतीला टेकून उभे होते, मला म्हणाले, "चल, च्या पिऊया."

बाहेर टपरीवर त्यांनी सगळं सांगितलं. आपलं ते भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही बंदूक फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे आला होतात. "ठाण्यात ठेवन येव्या," म्हणालात. गुणाकाका म्हणाले, अजून चार दिवस मुदत आहे. तर तुम्ही म्हणालात, "झिल म्हणता, केस झाली तर तेका येऊक गावाचा नाय." बस. दुसरं कारण नाही. गुणाकाकांनी पुष्कळ समजावलं, निवडणूक झाल्यावर परत आणूया म्हणाले, तुम्ही नाहीच म्हणालात.

"पण काका, ती सगळी लग्नं?"

"खंयची लग्नां रे! सात वर्सात हो माणूस ओहोळाच्या वर चढाक नाय. गुडघे होते खंय?" गुणाकाका हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माझी चप्पल धा येळा चिखलात घालवल्यान त्या मेल्यान."

घरी येऊन मी आईपुढे उभा राहिलो. ती निवडत होती तांदूळ. वर न बघता म्हणाली, "कळलां?" आणि मग जे काय हसली! तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी हसली. म्हणाली, "शुक्रवारी सकाळपासून तुझ्या बापाशीक कामधंदो सुचा नाय. माका इचारी, गे, मागच्या खेपेक कुत्रे किती सांगितलंय? मी म्हणी, तीन. नि ह्या खेपेक पाच कशे झाले? तर म्हणी, पिल्लां झाली." ती सोमवारची चूक तिनेही पकडली होती म्हणे, तुम्ही फोनवर असतानाच, पण तोपर्यंत तुम्ही बोलून बसला होतात. फोन ठेवल्यावर तिने तुम्हाला फैलावर घेतलं होतं. म्हणजे दोघं मिळून! मी इथे देवाला हात जोडून बसलोय आणि तुम्ही दोघं पडवीत बसून भेकरं पाळताय, कुत्र्यांना पिल्लं करवताय!

मी विचारलं, "पण सांगितलात कित्याक नाय? मी किती घाबरलेलंय."

आई म्हणाली, "मी तेंका म्हटलंय, सांगा झिलाक. तर म्हणाले, तेणा परत इचारल्यान ना गे. आवाज बघ कसो होतो तेचो. नाय म्हणान कसां सांगू?"

तर हे असं. मी तुम्हाला दोन गोष्टी मागितल्या होत्या. बंदूक सोडा म्हणालो, आणि पारधीची गोष्ट सांगा म्हणालो. मला वाटत होतं एक मिळेल तर दुसरी मिळणार नाही. तुम्ही दोन्ही दिल्यात, वर तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत.

मला किती हलकं वाटतंय ते कसं सांगू. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते चाळिशीत कळलं. एक तर सात वर्षांत एकदाही तुम्हाला धोका नव्हता. माझ्यामुळे तर नव्हताच. गावाच्या रानात तुमच्या हातून काही मेलं नाही, ती सगळी भेकरं, पंगतीला वाढलेली सुद्धा, कुठेतरी चरताहेत. आणि ते भांडण! बाबा, जे जनावर नव्हतंच ते तुम्ही सोडलंत म्हणून मी तुमच्याशी अबोला धरला. तिथे बंदूक नव्हती, ओहोळ नव्हता, तुम्ही सुपारी कातरत पडवीतच बसला होतात. मी ओरडून तुम्हाला जिथे बसायला सांगत होतो, बरोबर तिथेच. मग तुम्हाला राग कसा आला असेल? फोन ठेवून तुम्ही हसलाच असणार. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "हसूक नाय. पण रागवाक पण नाय. म्हणाले, झिल अजून पारधी आसा. मगे सुपारीचो डबो भरलो काय म्हणान माका इचारल्यानी, गुणाकडे पानसुपारीक गेले."

यावर मी खूश आहे. खोटं का बोला.

फक्त एक राहतं. तुम्हाला हवी तेवढी भेकरं मारता आली असती. तुमचीच गोष्ट, तुमचीच बंदूक, नेम चुकायची भीती नाही. सात वर्षं मारलीतच की, माझ्यासाठी. मग त्या एका शुक्रवारी का नाही मारलंत? ती वाळूच्या रंगाची हरणं बघितल्यापासून तुमच्या मनात ते घोळत असणार. खोट्या बारानेही मारवेना तुम्हाला. 'जीव झाला नाही' हे एवढं एक त्या सगळ्या थापांमध्ये खरं होतं, आणि ते तुम्ही मला सांगत होतात, आणि नेमकं त्याच्यावरच मी ओरडलो. याचं वाईट वाटतं. बाकी कशाचं वाटत नाही, याचं वाटतं, आणि ते थोडं राहू दे.

सदाशिव कपडे टाकून आला. मी एकटाच हसतोय बघून म्हणाला, "काय रं, लगीन लागलं काय?" त्याला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. सांगेन जेवताना. तोही शिव्या घालेल तुम्हाला, प्रेमाने.

तुम्ही "बरां" म्हणून फोन दिलात, तिथे आपलं बोलणं थांबलंय. पुढचं बोलणं माझ्याकडे आहे. तर ऐका. मी त्या दिवशी तिथे असतो, ती नवरी धा हातांवर आली असती आणि तुमच्याकडे बघत उभी राहिली असती, तर मी काही बोललो नसतो. तुमचा हात गुडघ्यावर असता, आणि ती आपणहून जाईपर्यंत मी हललो नसतो. बरं केलंत, बाबा, सोडलंत.